जर्मनी पायी हिंडायची तर: कोल्हापूरकरांसाठी तयारी आणि वाटा

कोल्हापुरातून युरोपला जाणारे बहुतेक जण जर्मनी बसच्या काचेतून बघतात. फ्रँकफर्टला उतरायचं, ब्लॅक फॉरेस्टमध्ये घड्याळाच्या दुकानासमोर पाऊण तास थांबायचं आणि संध्याकाळी स्वित्झर्लंडची हद्द गाठायची. त्यात घड्याळ मिळतं, जर्मनी मिळत नाही. रविवारी सकाळी तिथला माणूस कुठे असतो? पाठीवर सॅक, त्यात पावाचे दोन तुकडे आणि पाण्याची बाटली घेऊन तो जंगलातल्या पायवाटेवर असतो. या वाटांवरच्या खुणा रंगवणं हे मुख्यतः गावोगावच्या संघांच्या स्वयंसेवकांचं काम. ब्लॅक फॉरेस्टमधला असा संघ १८६४ सालचा आहे, आल्प्समध्ये मुक्कामाच्या झोपड्या बांधणारा जर्मन अल्पाइन क्लब १८६९ चा. म्हणजे हिंडणं ही तिथली संस्कृतीच आहे, ती बाजूला ठेवून फक्त किल्ले-चर्च बघून आलं की अर्धा देश राहतो.

म्हणून पहिला नियम: दहा दिवसांत सहा शहरं करू नका. दोन मुक्काम निवडा, प्रत्येक ठिकाणी चार-पाच रात्री राहा, आणि रोज सकाळी तिथूनच बस-रेल्वेने निघून पायी फिरून परत या. सामान ओढायचं वाचतं, आणि तिसऱ्या दिवशी बेकरीवाली ओळखायला लागते.

कधी जायचं

मे अखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. पण आल्प्समध्ये दोन हजार मीटरच्या वर जायचं असेल तर जूनच्या मध्याआधी जाऊ नका. सावलीच्या उतारांवर जुना बर्फ असतो, वाट त्याखाली गेलेली असते आणि बऱ्याच झोपड्या उघडलेल्या नसतात. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा. आमच्या मते सप्टेंबर सगळ्यात चांगला: दुपारचे गडगडाट कमी, महिन्याच्या मध्यापर्यंत शाळा सुरू झालेल्या, आणि आल्प्सच्या कुरणांवरून गायी फुलांच्या मुकुटांसह खाली आणतात तो सोहळाही याच सुमाराला. अर्थात गायी सुखरूप उतरल्या तरच मुकुट असतो. गोठ्यात त्या उन्हाळ्यात काही दुर्घटना झाली असेल तर तो बऱ्याचदा चढवत नाहीत.

व्हिसा आणि कागद

पर्यटनाचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून एकच चालतो तो) कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. प्रत्यक्षात तीन महिने हातात ठेवा, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची वेळच मिळत नाही. कोल्हापूरकरांना अर्जासाठी पुण्याचं केंद्र सोयीचं. मोठ्यांची फी ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांची ४५, त्याखालच्यांना माफ; केंद्राचा सेवाखर्च वेगळा. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला हवा. विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोचं.

या विम्याकडे नीट बघा. व्हिसासाठी चालणाऱ्या स्वस्त पॉलिसीत डोंगरातली चाल किंवा हेलिकॉप्टरने केलेली सुटका बऱ्याचदा वगळलेली असते. एजंटला ‘ट्रेकिंग कव्हर आहे का’ असं तोंडी विचारू नका, पॉलिसीतली उंचीची मर्यादा आणि बचावखर्चाचं कलम स्वतः वाचा.

अर्ज बऱ्याचदा अडतो तो या कारणाने: दिवसवार कार्यक्रम आणि बुकिंग एकमेकांशी जुळत नाहीत. डोंगरातल्या झोपडीत एक रात्र राहणार असाल तर त्या रात्रीचं पुष्टीपत्रही जोडा, ती रात्र रिकामी दिसता कामा नये. नोकरी असेल तर रजेचं पत्र, फाउंड्री किंवा दुकान असेल तर जीएसटी नोंदणी आणि आयकर विवरणपत्र. शेतीचं उत्पन्न दाखवायला सातबारा लावणार असाल तर त्याचं इंग्रजी किंवा जर्मन भाषांतर सोबत द्या.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो संगणकावर नोंदवायला सुरुवात झाली आहे. पहिल्या खेपेला वेळ लागतो. विमान उतरल्यावर दीड तासातली रेल्वे आरक्षित करून ठेवू नका.

बॅगेत काय आणि काय नाही

तूप, पेढे, खवा, बासुंदी, सुकं मटण, मटणाचं लोणचं यांतलं काहीही नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ वैयक्तिक सामानातही आणायला बंदी आहे. सापडले तर जप्त होतात, वर दंडही बसू शकतो. आंबे आणि कढीपत्ताही घरीच राहू द्या, ताज्या फळपाल्याला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, चिवडा, गूळ बिनघोर न्या. चटणी मात्र दोन पिशव्यांत, एकात एक. सॅकमध्ये फुटली की आठवडाभर सगळ्या कपड्यांना वास.

बुटांत काटकसर नको. घोट्यापर्यंतचे, खोल खाचांच्या तळव्याचे बूट निघण्याआधी महिनाभर पायात घालून मोडून घ्या. नवे बूट थेट आल्प्समध्ये घातले की दुसऱ्या दिवशी टाचेला फोड, आणि तिसऱ्या दिवशी हॉटेलची खिडकी. सुती बनियन-जीन्स घामाने भिजल्यावर वाळत नाहीत. वारा लागला की भर जुलैत हुडहुडी भरते. आत पटकन वाळणारा शर्ट, मध्ये फ्लीस, वर पाणी-वारा अडवणारं जाकीट अशा तीन थरांत कपडे घ्या. आपला पोंचो तिथल्या कड्यावरच्या वाऱ्यात तोंडावर येतो, तो नको.

एक गोष्ट आवर्जून: स्वस्तिक असलेली चावीसाखळी, टी-शर्ट, बॅगेवरचा स्टिकर घरी ठेवा. नाझींची चिन्हं सार्वजनिक ठिकाणी दाखवणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. कायद्याचा रोख आपल्या देवघरातल्या स्वस्तिकावर नाही, पण रेल्वेत समोर बसलेल्या माणसाला हा फरक कळेलच असं नाही. फोटोसाठी हात वर करून केलेली ‘सलामी’ची थट्टाही गुन्ह्यात मोडते.

सराव आधी घरच्या डोंगरांवर करा. जोतिबाच्या पायऱ्या पाठीवर सहा किलो घेऊन आठवड्यातून दोनदा, एखाद्या रविवारी मसाई पठार. पन्हाळगड ते पावनखिंड ही पावसाळी मोहीम ज्यांनी केली आहे त्यांना दमाची भीती नाही. चिखल तिथे इतका नसतो. वाट खडीची, टणक आणि लांबलचक उतरणीची असते, म्हणून आपल्याकडच्या माणसाचे गुडघे तिथे बोलायला लागतात. दोन काठ्या न्या.

रेल्वे आणि बस

गाडी भाड्याने घेऊ नका असं आमचं स्पष्ट मत. एका गावातून चढून दुसऱ्या गावात उतरणं हीच तिथल्या चालीची खरी मजा, आणि गाडी असली की परत तिच्याचकडे यावं लागतं.

डॉइचलांड-टिकिट या मासिक पासावर देशभरच्या लोकल, प्रादेशिक रेल्वे, मेट्रो, ट्राम आणि बस चालतात. जानेवारी २०२६ पासून त्याची किंमत महिन्याला ६३ युरो आहे. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत ते चालत नाही. दोन खाचखळगे आहेत. एक, ते कॅलेंडर महिन्यावर चालतं. २५ जून ते ५ जुलै अशी सहल असेल तर दोन महिन्यांचे पैसे जातील. दोन, ते वर्गणीसारखं आपोआप पुढे चालू राहतं. चालू महिनाअखेर बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावं लागतं. म्हणून सहल महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात बसवा, आणि तिकीट घेतल्याबरोबर रद्दचं बटण दाबून टाका. महिना संपेपर्यंत ते चालतं. चार-पाच जणांचं कुटुंब एकाच दिवशी फिरणार असेल तर राज्याचं दिवसभराचं तिकीट स्वस्त पडतं. बायर्न-टिकिटावर (बायर्न म्हणजे दक्षिणेचं बव्हेरिया राज्य) पाच जणांपर्यंत जाता येतं, सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतर सुरू होतं. विनातिकीट सापडलात तर ६० युरो, आणि ‘माहीत नव्हतं’ हे कारण तिथे कुणी ऐकत नाही.

लांब पल्ल्याचं स्वस्त तिकीट एका ठरावीक गाडीला बांधलेलं असतं. पण रेल्वेच्या चुकीने मुक्कामी पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल तर ते बंधन सुटतं, पुढची कुठलीही गाडी पकडा. तासाभराचा उशीर झाला तर भाड्याचा चौथा भाग परत मिळतो, दोन तासांना निम्मा. जर्मन रेल्वे वक्तशीर ही जुनी कीर्ती; आता तिच्यावर विसंबून पाच मिनिटांची बदली ठरवू नका.

गाडी वाटेत दोन भागांत वेगळी होते, हे नव्या माणसाला माहीत नसतं. म्युनिचहून दक्षिणेच्या डोंगरांकडे जाणारी बीआरबी या प्रादेशिक कंपनीची गाडी हे नमुनेदार उदाहरण: होल्त्सकिर्शेनला बायरिशत्सेलचे डबे वेगळे होतात, पुढे शाफ्टलाखला लेंगग्रीस आणि टेगर्नझे यांचे. चुकीच्या डब्यात बसलेला माणूस त्याच गाडीने, त्याच वेळी, भलत्याच गावी पोचतो. दारावरची आणि डब्यातली पाटी वाचूनच बसा.

खेड्यातल्या बसचं वेळापत्रक त्याहून नीट वाचा. सोमवार ते शुक्रवार, शनिवार, रविवार-सुट्टी असे रकाने वेगळे असतात आणि काही फेऱ्यांवर फक्त शाळेच्या दिवसांची खूण असते. ऑगस्टात तीच बस येत नाही. काही बस आधी फोन करून बोलवाव्या लागतात. संध्याकाळची शेवटची बस कधी आहे ते सकाळीच लिहून घ्या.

कुठे राहायचं

पहिल्या खेपेला आम्ही ब्लॅक फॉरेस्ट सुचवू. तिथल्या बहुतेक गावांत मुक्कामाच्या करासोबत कोनुस कार्ड मिळतं, त्यावर त्या भागातली बस-रेल्वे फुकट. लॉजवाला स्वतःहून देतो, नाही दिलं तर मागा. फ्रायबुर्गहून टिटिझेकडे जाणारी रेल्वे दरीतून चढत जाते. पुढे फेल्डबेर्ग-बेरेनटाल हे ९६७ मीटरवरचं स्थानक. तिथून बसने वर, मग फेल्डबेर्गला वळसा घालणारी साधारण बारा किलोमीटरची वाट. माथा १,४९३ मीटर, उघडा आणि वाऱ्याचा. हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला आल्प्सची रांग दिसते. खाली फेल्डझे हे काळंभोर, गोल तळं. त्यात उतरायला सक्त मनाई, कारण तळाशी हिमयुगानंतर टिकून राहिलेली दुर्मीळ पाणवनस्पती आहे.

तिथल्या खुणा शिकायला सोप्या. पिवळा समभुज चौकोन म्हणजे स्थानिक वाट, निळा म्हणजे प्रादेशिक, लाल म्हणजे वेस्टवेग. ही वेस्टवेग १९०० साली आखलेली, फोर्त्सहाइमपासून बाझेलपर्यंत सुमारे २८५ किलोमीटर. चौरस्त्यावरच्या खांबावर त्या जागेचं नाव आणि उंची असते, पाट्यांवर अंतर किलोमीटरमध्ये. बव्हेरियाच्या आल्प्समध्ये मात्र पिवळ्या पाट्यांवर तास लिहिलेले असतात, आणि शेजारी रंगीत ठिपका. निळा सोपा. लाल अरुंद आणि चढाचा, मध्ये थोडा भाग तारेला धरून. काळा म्हणजे पडलात तर संपलं. आपल्याकडच्या अनुभवी ट्रेकरनेही पहिले दोन दिवस लालच्या पुढे जाऊ नये.

पाटी नसेल तर वेळ अशी काढा. सपाटीवर तासाला ४ किलोमीटर, चढ तासाला ३०० मीटर, उतार तासाला ५००. आडव्या अंतराचा वेळ वेगळा, चढ-उताराचा वेगळा. त्यातला मोठा आकडा पूर्ण घ्यायचा आणि लहान निम्मा मिळवायचा. समजा बारा किलोमीटर, ६०० मीटर चढ आणि तितकाच उतार. आडवे तीन तास. चढाचे दोन आणि उताराचे सव्वा, मिळून सव्वातीन. सव्वातीनमध्ये दीड मिळवा: पावणेपाच तास, आणि यात डबा खायची वेळ धरलेली नाही. हे गणित न करता ‘बाराच तर किलोमीटर’ म्हणून दुपारी एकला निघणारेच शेवटची बस चुकवतात.

दुसरा मुक्काम बव्हेरियाच्या आल्प्समधलं बेर्ख्तेसगाडेन. क्योनिग्झे या तळ्यावर १९०९ पासून विजेवर चालणाऱ्या बोटी आहेत. पहिली बोट पकडा, उन्हाळ्यात दहानंतर रांग लागते. मध्यावर उभ्या कड्यासमोर बोट थांबते. नावाडी तुतारीसारखं वाद्य काढतो, दोन-चार सूर वाजवतो आणि गप्प बसतो. तेच सूर कड्यावरून परत येतात. मग तो टोपी फिरवतो, त्यात एक-दोन युरो टाकायची रीत आहे. झांक्ट बार्थोलोमेला सगळे उतरतात, तुम्ही शेवटच्या झालेट धक्क्यापर्यंत जा. तिथून पंधरा-वीस मिनिटांवर ओबरझे हे छोटं तळं, त्याच्या काठाकाठाने पलीकडे गेलं की कुरणावरची झोपडी आणि मागे जर्मनीतला सर्वांत उंच समजला जाणारा, सुमारे ४७० मीटरचा र्‍योटबाख धबधबा. परतीची शेवटची बोट चुकली तर काठाने चालत यायला वाट नाही. झालेटच्या फेऱ्या साधारण एप्रिल अखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच असतात.

पूर्वेकडे जाणार असाल तर ड्रेस्डेनहून एस-१ लोकलने पाऊण तासाच्या आत राटेन. स्थानकासमोर एल्ब नदी. पलीकडे नेणारी नाव तारेला बांधलेली, प्रवाहाच्या जोरावरच अलीकडे-पलीकडे होते. वर बास्टायचा वालुकाश्मातला पूल, १८५१ सालचा. पुलावरून फोटो काढून त्याच वाटेने उतरू नका, श्वेडनलोखरच्या घळीतून सुमारे सातशे पायऱ्या उतरून खालच्या ओढ्याकाठाने परत या. एकूण तीन तास पुरतात. हार्त्सच्या डोंगरात मुलांना न्यायचं तर शिक्क्यांची वही विकत घ्या: २२२ ठिकाणी हिरव्या पेट्यांत रबरी शिक्के आहेत, आठ जमले की ब्राँझ बिल्ला. ‘दमलो’ म्हणणारी मुलं शिक्क्यासाठी पळतात.

नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा? जुलै २०२५ मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेल्यापासून मागणी कमी व्हायची शक्यता नाही. तिकीट ऑनलाइन, मिनिटासकट ठरलेलं. खालच्या गावातून वर चालायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि वेळ चुकली तर तिकीट गेलं. आत फोटो काढू देत नाहीत. नाही बघितला तरी चालेल.

झोपडीतली रात्र

अल्पाइन क्लबच्या झोपडीत एक तरी रात्र काढा. आगाऊ नोंदणी करा, बेत बदलला तर रद्द करा. न कळवता गैरहजर राहिलात तर पैसे लागतात, आणि वर कुणी तरी तुमची वाट बघत बसतो. संध्याकाळी पाचपर्यंत पोचा. दाराशीच बूट काढून बुटांच्या खोलीत ठेवायचे, आत घरातली चप्पल. इथे कोल्हापुरी न्यायला हरकत नाही, पण करकर वाजणारी नको: रात्री दहाला दिवे जातात आणि लाकडी जिन्यावरचा प्रत्येक आवाज वीस जणांना ऐकू येतो. स्वयंपाकघराच्या खिडकीशी नाव सांगायचं, वहीत उद्या कुठे जाणार ते लिहायचं. ही वही फुकाची नाही. तुम्ही पुढच्या मुक्कामी पोचला नाहीत तर शोध तिच्यापासून सुरू होतो.

सामायिक झोपायच्या जागेत गाद्या ओळीने मांडलेल्या असतात, ब्लँकेट मिळतं. पातळ कापडी पिशवीसारखी झोपायची खोळ स्वतःची लागते, ती सक्तीची. घरच्या दोन जुन्या सुती चादरी तीन बाजूंनी शिवून घेतल्या तरी काम होतं, फक्त वजन वाढतं. पाणी जपून, गरम पाण्याची अंघोळ असलीच तर पैसे भरून काही मिनिटं. कचरा स्वतःचा स्वतः खाली आणायचा. सदस्य नसलेल्याला जास्त पैसे पडतात, आणि रोख लागते. कार्डाचं यंत्र असेल असं धरून वर जाऊ नका.

कुरणावरच्या गायी आपल्या वाटतात. त्यांच्या जवळ जाऊ नका, वासरू असलेल्या गायीच्या तर मुळीच नाही. फाटक उघडलं तर लगेच लावा. गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्यांनी कुरणावरच्या झोपडीत ताकाचा मोठा ग्लास मागवून बघावा. पातळ, थंडगार, बिनमिठाचं. चिमूटभर मीठ आपल्या खिशातलं.

गावात वागणं

रविवारी दुकानं बंद. किराणा, कपडे, सगळं. मोठ्या स्थानकांतली दुकानं, पेट्रोलपंप आणि सकाळी काही तास बेकऱ्या एवढंच उघडं असतं, म्हणून शनिवारी संध्याकाळीच रविवारचा डबा भरून ठेवा. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते; लॉजच्या खोलीत दहा जण जमवून गाणी-गप्पा केल्या की शेजारी आधी भिंत ठोकतो, मग पोलीस बोलावतो. संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद.

शाकाहाऱ्यांनी भाजीच्या सूपवरही विश्वास टाकू नये, त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे सर्रास असतात. विचारा. चीजमध्ये घोळवलेली केझश्पेट्झ्ले (पिठाच्या जाड शेवया), बटाट्याचे तळलेले पुफर, मिठाचा ब्रेत्सेल पाव, आणि वसंतात पांढरा श्पार्गेल (अ‍ॅस्परॅगस) पोट भरायला पुरेसं. श्पार्गेलचा हंगाम २४ जूनला संपतो. मिसळीची तर्री आठवेल हे खरं. चटणीची पिशवी त्यासाठीच आणली आहे.

बव्हेरियातल्या बिअर गार्डनची एक जुनी रीत आपल्या सोयीची आहे. टेबलक्लॉथ नसलेल्या टेबलांवर घरचं खाणं बिनदिक्कत काढून खाता येतं, फक्त पेय तिथलंच घ्यायचं. लिंबू-सरबत किंवा सफरचंदाच्या रसाचा सोडाही चालतो. बाजूला एखादं जर्मन कुटुंब टोपलीतून मुळा, चीज, पाव काढत असतं, तुम्ही चिवडा काढा. मोकळी खुर्ची दिसली तर ‘इस्ट हीअर फ्राय?’ (इथे मोकळं आहे का?) विचारून बसायचं, पूर्ण टेबल अडवायचं नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी राखलेल्या पाटीच्या टेबलावर मात्र नाही.

हॉटेलात बिल देताना टीप टेबलावर ठेवून उठू नका. बिल २७ झालं तर नोट देताना ‘तीस’ म्हणायचं. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, बिअरच्या काचेच्या बाटलीवर ८. सुपरमार्केटच्या दाराशी यंत्र असतं: बाटली चिरडायची नाही, लेबल फाडायचं नाही, तळ पुढे करून आत सरकवायची. चिठ्ठी मिळते, ती कॅश काउंटरवर द्यायची. आपल्या सवयीने बाटली पिळून टाकली की यंत्र ती परत थुंकतं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या घ्यायची फारशी गरजही नाही. फक्त ‘काइन ट्रिंकवासर’ (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी असेल तिथलं पिऊ नका.

सौनामध्ये (घाम काढायच्या गरम खोलीत) जाणार असाल तर आधीच समजून घ्या: तिथे स्त्री-पुरुष एकत्र आणि अंगावर कपडे नाहीत, पोहण्याचा पोशाखही चालत नाही. टक लावून बघणं हीच मोठी असभ्यता. मोठा टॉवेल लागतो, फळीवर तो पायांखालीही येईल असा पसरायचा, घाम लाकडाला लागता कामा नये. अवघडल्यासारखं होत असेल तर ठरावीक दिवशी फक्त बायकांसाठी वेळ असते, ती विचारा. नाही गेलात म्हणून काही बिघडत नाही.

काय चुकतं

जंगलात पायी फिरायचा हक्क तिथे सगळ्यांना कायद्याने आहे, खासगी मालकीचं जंगल असलं तरी; बव्हेरियाच्या राज्यघटनेत तर रानातली बोरं-बेरी खुडायचा हक्कही लिहिलेला आहे. तंबू ठोकायचा हक्क मात्र त्यात येत नाही. चूल, शेकोटी तर विसराच. अळंबी ओळखता येत नसतील तर हात लावू नका. आपल्या खाण्याच्या अळंबीसारखी दिसणारी हिरवट छटेची एक जात यकृत निकामी करते आणि लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलेल्यांना ऱ्हाइन शांत वाटते. तिच्यात उतरू नका. मालवाहू बोट गेली की काठचं पाणी आधी मागे ओढलं जातं आणि मग उसळून येतं, दगडी बंधाऱ्यांच्या टोकाशी भोवरे असतात. चांगले पोहणारेही त्यात जातात. पोहायचं तर गावाचा तरण तलाव किंवा जीवरक्षक असलेलं तळं.

आल्प्समधला पाऊस दुपारी येतो, विजेसकट. उन्हाळ्यात माथ्यावरून एकच्या आत खाली वळलेलं बरं. संकटात फोन ११२. जीव धोक्यात नसेल पण रात्री डॉक्टर हवा असेल तर ११६११७. फोनला रेंज नसेल तर शिट्टी किंवा टॉर्च: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबा, पुन्हा सहा वेळा. उत्तर मिनिटाला तीन इशाऱ्यांचं येतं.

आणि गोचीड. आपल्याकडे ती गुरांना लागते म्हणून कुणी मनावर घेत नाही, पण दक्षिण जर्मनीतल्या गवतातली गोचीड दोन रोग देते. एक विषाणूचा मेंदूज्वर, त्याला औषध नाही, लस आहे. तिचे डोस काही आठवड्यांच्या अंतराने घ्यावे लागतात, लांब मुक्काम असेल तर डॉक्टरांना वेळेत विचारा. दुसरा बोरेलिया जिवाणूचा, त्याला लस नाही, प्रतिजैविक आहे. लांब पँट, पायमोज्यांत खोचलेली, फिकट रंगाची म्हणजे चालणारी गोचीड दिसते. रोज संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे, मुलांच्या केसांत बघा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ, हळू ओढा. तेल, नेलपॉलिश, काडीची उब यांतलं काही लावू नका. त्याने ती आणखी लाळ आत सोडते. जितकी लवकर निघेल तितका बोरेलियाचा धोका कमी. जागेचा फोटो तारखेसह काढून ठेवा. पसरत जाणारं लाल कडं तीन दिवसांपासून महिनाभरात कधीही उमटू शकतं, म्हणजे तोवर तुम्ही कोल्हापुरात परतलेले असाल, आणि इथल्या दवाखान्यात ते गजकर्ण म्हणून मलमावर जायची शक्यता जास्त. डॉक्टरांना फोटो दाखवा आणि जर्मनीच्या जंगलात गोचीड चावली होती हे पहिल्याच वाक्यात सांगा.